तोडलेल्या वृक्षाचे ऋण

इमारतीसाठी उभा वृक्ष तोडणे केव्हा न्याय्य ठरते, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना आहे. विसाव्या शतकात पोलाद आणि सिमेंट यांनी लाकडाची जागा घेतली, तेव्हा शहरांपुरता तो मागे पडला. आता तो पुन्हा समोर आला आहे आणि या वेळी तो निसर्ग राखू पाहणाऱ्यांनीच आणला आहे. हवेतील कार्बन कमी करायचा असेल तर कार्यालये, हॉटेले, दुकाने लाकडाची बांधावीत, असे वास्तुविशारदांचा एक मोठा वर्ग सांगतो. पृथ्वीच्या भल्यासाठी वृक्ष तोडावा, या म्हणण्यातला ताण केवळ तांत्रिक नाही. वृक्ष कोणाचा, तोडणाऱ्यावर कोणते कर्तव्य येते आणि ते कधी पुरे होते, हे धर्मशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे प्रश्न त्यात आहेत.

आधी वस्तुस्थिती. नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथे म्योसा सरोवराच्या काठी २०१९ साली ८५.४ मीटर उंचीची, अठरा मजल्यांची इमारत पूर्ण झाली. तिच्यात हॉटेल आहे, कार्यालये आहेत, घरे आहेत. आणि तिचे खांब, तुळया व तिरपे आधार लाकडाचे आहेत. वरच्या मजल्यांवर मात्र काँक्रीटची जमीन घालावी लागली, कारण लाकूड हलके असते आणि वाऱ्यात इमारत डोलू नये म्हणून माथ्यावर वजन हवे होते. तीन वर्षांनी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात पंचवीस मजल्यांची इमारत तिच्याहून किंचित उंच गेली. हे शक्य झाले ते लाकडाच्या नव्या रूपामुळे. फळ्यांचे थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून केलेले जाड तक्ते १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत विकसित झाले. अशा तक्त्याची भिंत किंवा जमीन कारखान्यात कापून येते आणि जागेवर जोडली जाते.

पर्यावरणाचा युक्तिवादही सरळ आहे. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बन असतो आणि तो वृक्षाने हवेतून घेतलेला असतो. स्प्रूसच्या एका घनमीटर लाकडात पाऊण टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड असा बांधलेला राहतो. याउलट सिमेंटसाठी चुनखडी भाजताना तिच्यातूनच हा वायू सुटतो, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. तेव्हा जंगल पुन्हा वाढणार असेल आणि इमारत टिकणार असेल, तर लाकूड श्रेष्ठ ठरते. या वाक्यातील दोन्ही ‘असेल’ मात्र जपून वाचले पाहिजेत. सारा नैतिक प्रश्न त्यांच्यातच आहे.

वृक्ष तोडल्याने कोणाचे काही बिघडते का, या पहिल्याच पायरीवर परंपरांची उत्तरे वेगवेगळी आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समोरचा मोठा वृक्ष दाखवतो. मुळाशी, मध्यावर किंवा शेंड्यावर घाव घातला तरी तो जिवंत असेतो स्रवत राहतो. जीव ज्या फांदीला सोडतो ती फांदी वाळते. तिथला विषय आत्मतत्त्वाचा आहे, वृक्षतोडीचा नाही. तरीही वृक्ष ही निर्जीव सामग्री नव्हे, हे त्या संवादात गृहीतच आहे. जैन विचार याहून पुढे जातो. वनस्पतिकायिक जीव एकेंद्रिय असला तरी जीवच आहे, म्हणून त्याला इजा ही हिंसा. गृहस्थ श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे जड कर्मबंध घडवणाऱ्या व्यवसायांत, जंगल तोडून उपजीविका करणे आणि कोळसा पाडून उपजीविका करणे हे दोन्ही येतात. या दृष्टीने एक वृक्ष तोडून दहा लावले तरी पहिली हिंसा पुसली जात नाही. जीव एकमेकांच्या बदल्यात देता येत नाहीत. कार्बनच्या हिशेबावर घेतलेला हा सर्वांत कठोर आक्षेप आहे, आणि त्याला पूर्ण उत्तर नाही हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

बौद्ध विनयपिटकातील कथा तर थेट बांधकामाची आहे. आळवी येथील भिक्षू नव्या बांधकामांसाठी झाडे तोडत आणि तोडवून घेत. एका वृक्षात राहणारी देवता तोडणाऱ्या भिक्षूला म्हणाली की स्वतःचे घर उभारण्यासाठी माझे घर मोडू नका. भिक्षू थांबला नाही आणि घाव तिच्या मुलाच्या हाताला लागला. भिक्षूला ठार मारावे असे तिच्या मनात आले, पण स्वतःला आवरून ती बुद्धाकडे गेली. बुद्धाने तिच्या संयमाची प्रशंसा केली आणि दुसऱ्या एका रिकाम्या वृक्षाचा आश्रय घेण्यास सांगितले. एकेंद्रिय जीवाला श्रमणांनी इजा करावी हे लोकांनाही रुचले नव्हते. पुढे भिक्षूंनी वनस्पतींचा नाश करू नये, असा नियम झाला. देवतेच्या तक्रारीचा रोख पाहण्यासारखा आहे. वृक्षाच्या वेदनेबद्दल ती काही बोलत नाही. ती घर मागते. एकाचे घर बांधताना दुसऱ्याचे मोडते आहे, एवढाच तिचा मुद्दा आहे, आणि वृक्षाला जाणीव असते की नसते या वादात न शिरताही तो मान्य करता येतो.

यज्ञपरंपरेने वृक्षतोड निषिद्ध मानली नाही, पण तिला विधीने बांधून टाकले. यूपासाठी, म्हणजे यज्ञातील खांबासाठी, वृक्ष तोडताना कुऱ्हाड आणि खोड यांच्यामध्ये दर्भाची काडी ठेवली जाते. त्या काडीने वृक्षाचे रक्षण करावे आणि कुऱ्हाडीने त्याला इजा करू नये, अशी प्रार्थना असते. वृक्ष पडल्यावर उरलेल्या बुंध्यावर तुपाची आहुती देतात आणि त्याला शेकडो धुमारे फुटोत, असे म्हणतात. यजुर्वेदाच्या शाखांत आणि शतपथ ब्राह्मणात हा विधी सविस्तर आला आहे. बुंधा जमिनीलगत ठेवावा, त्याला गाडीचा आस अडू नये, इतका बारकावाही त्यात आहे. इजा करतानाच इजा न होण्याची प्रार्थना करणे विसंगत वाटेल. पण बुंध्यावरची आहुती त्या प्रार्थनेचा अर्थ उघड करते: वृक्षाचे आयुष्य इथे संपू नये, ते पुढे चालावे, ही तोडण्याची अट आहे. ज्या वृक्षाला बुंध्यातून फूट येत नाही, तिथे ती अट तोडणाऱ्याच्या अंगावर येते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवमूर्तीच्या लाकडासाठी वनात कसे जावे, याचे प्रकरण आहे. कोणते वृक्ष तोडू नयेत याची तिथली यादी अजूनही विचार करायला लावते. स्मशानातला, रस्त्याकडेचा, देवळाजवळचा, वारुळावरचा, बागेतला, तपस्व्यांच्या आश्रमातला, नदीसंगमावरचा. घड्याने पाणी घालून वाढवलेला. वेलींनी वेढलेला, वीज पडलेला, हत्तीने मोडलेला. मधमाश्यांचे पोळे असलेला. यांतले काही निषेध लाकडाच्या प्रतीसाठी आहेत, कारण वीज पडलेले किंवा वाळून गेलेले खोड आतून चिरलेले असू शकते. पण घड्याने पाणी घातलेला वृक्ष का वर्ज्य? त्याच्यामागे कोणाचे तरी श्रम आणि माया आहे. पोळे असलेला का वर्ज्य? त्यात दुसरे कोणी राहत आहे. निवडलेल्या वृक्षाची आदल्या रात्री पूजा करून, त्यात राहणाऱ्या भूतांनी बली स्वीकारून अन्यत्र वस्ती करावी आणि क्षमा करावी, अशी विनवणी करायची असते. कुऱ्हाड दुसऱ्या दिवशी पडते. मधली ती रात्र हा विधीचा गाभा म्हणावा लागेल. तोडणाऱ्याच्या हाती अधिकार असूनही त्याने थांबायचे आहे, आणि त्या थांबण्यात वृक्षाकडे केवळ लाकूड म्हणून पाहणे त्याला अवघड जावे, ही योजना आहे. असे विधी मनाची टोचणी घालवण्यापुरते असतात, हा आक्षेप अनेकदा खरा ठरतो. निवडीवरची बंधने गाळून केवळ पूजा उरते, तेव्हा तर नक्कीच.

लाकूड वर्ज्य केले म्हणजे इमारत निर्दोष होते, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवी आणि तिच्यामागून इतर बिश्नोई स्त्री-पुरुषांनी खेजडीच्या झाडांना मिठी मारून प्राण दिले. मृतांची संख्या ३६३ सांगितली जाते. महाराजा अभयसिंहाच्या बांधकामासाठी ही झाडे हवी होती, पण तुळयांसाठी नव्हे. चुन्याच्या भट्ट्या पेटवायला जळण म्हणून. दगड आणि चुन्याच्या वास्तूत एकही फळी दिसली नसती, तरी ते रान तिच्या भिंतींत जिरले असते. आजच्या काँक्रीटचेही तसेच आहे. नदीपात्रातली वाळू, फोडलेले डोंगर, भट्टीचा धूर यांतले काहीच तयार भिंतीवर दिसत नाही. लाकडाच्या तुळईत निदान वृक्षाच्या वाढीची वलये दिसतात; कोणाचे काय घेतले ते ती लपवत नाही. निर्दोष इमारत नसते, हे एकदा मान्य केले की प्रश्न बदलतो. मग दोष कसा टाळावा याऐवजी ऋण कसे फेडावे, असे विचारावे लागते.

या दुसऱ्या प्रश्नाची दोन उत्तरे अठराव्या शतकाच्या आरंभी, एकमेकांची वार्ताही नसताना, जवळजवळ एकाच वेळी लिहिली गेली. १७१३ साली सॅक्सनीतील खाण-प्रशासक हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स याने वनशास्त्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीच्या खाणी आणि भट्ट्या यांनी आसपासची जंगले खाऊन टाकली होती. जितके पुन्हा वाढते तितकेच तोडावे, म्हणजे लाकडाचा पुरवठा अखंड राहील, हे त्याचे तत्त्व. आज शाश्वत विकासाच्या नावाने जे काही बोलले जाते, त्याचे मूळ इथे आहे. त्याच दशकात रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कोठून आणावे याचा विचार आला. साग वगैरे लागेल ते राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडेल ते बाहेरून विकत आणावे. पण आंबा-फणसाला हात लावू नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती मुलांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. दुसऱ्याला पिडून साधलेले कार्य टिकत नाही, असे तो ग्रंथ बजावतो. एखादे झाड अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार करू नये.

दोघांनाही लाकूड हवेच आहे. कार्लोवित्स पुरवठ्याचा विचार करतो: जंगलातून काढलेले जंगलात भरून आले की हिशेब पुरा. आज्ञापत्र संबंधाचा विचार करते: हे झाड कोणी वाढवले, कोणाला दुःख होईल, तो राजी आहे का. आधुनिक लाकडी इमारतींचे समर्थन बहुतांशी पहिल्या भाषेत होते, म्हणून त्यात एक मोठी पोकळी राहते. स्वीडनच्या उत्तर भागाचे उदाहरण घ्यावे. तिथल्या शेल्लेफ्तेओ शहरात २०२१ साली पूर्ण झालेले लाकडी सांस्कृतिक केंद्र आणि त्यावरचे उंच हॉटेल जगभर वाखाणले गेले, आणि स्थानिक लाकूड वापरण्याचा त्याचा आग्रह योग्यच आहे. पण त्या प्रदेशातली जुनी जंगले सामी लोकांच्या रेनडियरपालनाचा आधारही आहेत. हिवाळ्यात रेनडियर जमिनीवरच्या आणि जुन्या झाडांवरून लोंबणाऱ्या दगडफुलावर जगतात, आणि सरसकट तोडीनंतर लावलेल्या एकसारख्या तरुण जंगलात हा चारा दीर्घकाळ मिळत नाही. घनमीटरांच्या खात्यावर अशा जंगलात काहीच उणे नसते. आळवीच्या देवतेची तक्रार मात्र तशीच उभी राहते, आणि ‘दुसऱ्या वृक्षावर जा’ असे सांगायला तेवढा जुना दुसरा वृक्ष शिल्लक असावा लागतो.

वैदिक विचारात मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे: देवांचा, ऋषींचा, पितरांचा. यांतल्या पितृऋणाचे स्वरूप इथे उपयोगी पडते. ज्यांच्याकडून मिळाले त्यांना ते परत करता येत नाही. पुढची पिढी वाढवूनच ते फिटते. म्हणजे फेड मागे न जाता पुढे जाते आणि तिला एक पिढी लागते. वृक्षाचे ऋण असेच आहे. तोडलेल्या वृक्षाला काहीही परत देता येत नाही, आणि जैन आक्षेपाचे बळही त्यातच आहे. पण जंगलाची पुढची पिढी वाढू देता येते. त्याला लागणारा काळ ठरलेला आहे. उत्तर युरोपातला स्प्रूस तोडणीला यायला ऐंशी-शंभर वर्षे घेतो, आणि युरोपीय बांधकाम संहिता सामान्य इमारतींचे अपेक्षित आयुष्य पन्नास वर्षे धरते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अडचण दिसते. पन्नास वर्षांनी इमारत पाडून तिचे लाकूड जाळले, तर कार्बन हवेत परत जातो आणि त्याची जागा घेणारा वृक्ष अजून अर्ध्या वयाचा असतो. हे कर्ज मुदतीआधी बुडवण्यासारखे आहे.

जपानमध्ये या काळाच्या प्रश्नाला दोन थोर उत्तरे मिळाली. होर्यूजी मंदिराच्या हिनोकी लाकडाच्या वास्तू तेराशे वर्षे उभ्या आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. विसाव्या शतकात त्यांच्या दुरुस्तीवर आयुष्य घालवलेले मंदिर-सुतार त्सुनेकाझु निशिओका यांची शिकवण अशी, की वृक्ष जितकी वर्षे डोंगरावर उभा होता, निदान तितकी वर्षे तो इमारतीत जगला पाहिजे. सुताराचे कर्तव्य मोजण्याचे याहून नेमके माप सापडणे कठीण. दुसरे उत्तर इसे येथील शिंतो देवस्थानाचे. तिथली मुख्य मंदिरे सातव्या शतकापासून दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधली जातात. युद्धकाळात दीर्घ खंड पडला, तरी २०१३ साली बासष्टावी आवृत्ती पार पडली. वीस वर्षे हे लाकडाचा अपव्यय वाटावे इतके थोडे आयुष्य. पण तोडीपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी वनदेवतेची प्रार्थना होते, उतरवलेले लाकूड इतर देवळांना दिले जाते, मुख्य खांबांपासून पुलावरच्या कमानी होतात, आणि १९२३ पासून देवस्थानाच्या स्वतःच्या वनात दोनशे वर्षांच्या योजनेने हिनोकी वाढवले जात आहेत. ती योजना आखणाऱ्यांपैकी कोणीही तिचे पूर्ण फळ पाहणार नव्हता. होर्यूजीत इमारत वृक्षाइतकी टिकते. इसेत इमारत बदलते, पण वन, लाकूड आणि कसब यांची साखळी टिकते. दोन्हींपैकी एक तरी मार्ग पत्करला तरच ऋण फिटू लागते.

व्यापारी इमारतीला दोन्ही मार्ग तत्त्वतः खुले आहेत. झुरिकमध्ये शिगेरू बान यांनी २०१३ साली पूर्ण केलेल्या तामेदिया या माध्यम कंपनीच्या कार्यालयात लाकडी सांगाड्याचे सांधे धातूच्या जोडण्यांशिवाय, लाकडात लाकूड बसवून केले आहेत. असे सांधे सोडवता येतात आणि तुळई दुसऱ्या इमारतीत जाऊ शकते. महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आणि कडीपाट आजही असेच उतरवून पुन्हा वापरले जातात. गोंदाने चिकटवलेल्या तक्त्यांचे असे सहज होत नाही, म्हणून ते पुढे कसे सुटतील याचा विचार बांधतानाच व्हायला हवा. आगीचा प्रश्नही ऋणाच्याच कक्षेत येतो. जाड लाकूड बाहेरून कोळसत जाते, मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर, आणि तो थर आतल्या गाभ्याचे काही काळ रक्षण करतो. पण विझवण्याची खात्रीशीर व्यवस्था नसेल तर काय होते, हे १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचा लाकडी भाग गेला तेव्हा पुण्याने पाहिले आहे. भारतात केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर घातलेली बंदी २०२० साली उठवली. बंदी जंगल वाचवण्यासाठी होती. ती उठताना लाकडाच्या जागी आलेल्या पदार्थांचा भार पर्यावरणाला जड जातो, हा विचार पुढे आला. दोन्ही वेळी हेतू एकच होता, हे लक्षात घेतले की लाकूड चांगले की वाईट, हा वाद किती अपुरा आहे ते कळते. कोणते जंगल, कोण तोडणार, किती काळासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

काही जंगले मात्र या हिशेबाच्या बाहेरच राहिली पाहिजेत. सह्याद्री आणि कोकणातल्या देवरायांत, जिथे प्रथा जिवंत आहे तिथे, वाळलेली फांदीही कोणी उचलत नाही. देवळाच्या डागडुजीला लाकूड लागले तर देवाचा कौल घ्यावा लागतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून या रायांचे जैविक मोल जगासमोर आले. देवराईला कोणतेही पर्यायी मूल्य लावता येत नाही, कारण तिथले वृक्ष कोणाच्या गरजेसाठी नाहीत, हेच तिचे तत्त्व आहे. वापरायचे वन आणि हात न लावायचे वन यांतली सीमा जो समाज पाळतो, त्यालाच पहिल्यातून लाकूड घेण्याचा अधिकार पोचतो.

उरतो तो ऋणको कोण, हा प्रश्न, आणि व्यापारी इमारतींत तोच सर्वांत अवघड आहे. मंदिराला देवस्थान असते, वाड्याला घराणे असते. कार्यालयाची इमारत एक कंपनी बांधते, दुसरी विकत घेते, तिसरी भाड्याने वापरते, आणि पन्नास वर्षांत या तिघींपैकी एकही उरली नसेल. मग शंभर वर्षांचे ऋण कोणाच्या नावावर लिहायचे? याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात यासाठी एक सूत्र सापडते. पित्याचे ऋण पुत्र-पौत्रांनी द्यावे, असे सांगून ती पुढे म्हणते की ज्याच्या हाती मृताची संपत्ती जाते, त्याच्याकडून ते वसूल करावे. म्हणजे ऋण रक्तापाठोपाठ जाते तसे मालमत्तेपाठोपाठही जाते. हे तत्त्व लाकडी इमारतीला लावले तर तिच्या खरेदीखतात जमीन आणि मजल्यांबरोबर तिच्या लाकडाचे वनही नोंदले जाईल: ते कोठे आहे, पुनर्वाढ कोणत्या टप्प्यावर आहे, आणि ती पूर्ण होईपर्यंत इमारत पाडायची झाल्यास तुळया कोठे जायच्या आहेत. इमारत घेणारा ती जबाबदारी घेऊनच ती घेईल.